इंदूरचा खड्डा आणि उडून जाणारं खत

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



गणपतीच्या दिवसांत संध्याकाळच्या आरतीनंतर, प्रसादाआधी, तुमच्यासमोर उभं राहून मी शेणाबद्दल बोलणार आहे. विषय कळल्यावर आमच्या कार्यवाहांनी मला दोनदा विचारलं, "नक्की हाच ना?" मी म्हटलं, नक्की हाच. ज्या गावात आपण चार-पाच पिढ्या राहिलो, त्या गावाचं नाव जगातल्या शेतकी पुस्तकांत सराफ्यासाठी किंवा पोह्यांसाठी येत नाही. ते येतं खतासाठी. आणि त्या खताच्या पुस्तकावर एका मराठी माणसाचं नाव आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

पण सुरुवात पुस्तकापासून करत नाही. आमच्या घरच्या भांडणापासून करतो.

शहराबाहेर आमची वडिलोपार्जित थोडी शेती आहे. चार गाई, दोन म्हशी, दोन कालवडी. वडिलांच्या काळी गोठ्यामागे उकिरडा होता आणि त्यापलीकडे दूरवर फक्त गहू. आता उकिरड्यापलीकडे भिंत आहे आणि भिंतीपलीकडे वसाहत. पाच वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिथली एक तरुण सून कडेवर मूल घेऊन आली. चिडून नाही, हात जोडून म्हणाली, "काका, वास आम्ही सोसू हो, पण रात्री खिडकी उघडली की डोळे चुरचुरतात. बाळ खोकत राहतं." त्याच रात्री धाकटा भाऊ मला म्हणाला, "दादा, जनावरं काढून टाकू. लोकांच्या शिव्या किती दिवस खायच्या?" आई तेव्हा होती. ती काही बोलली नाही. उठून गोठ्यात गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

मी त्या बाईंना मनातल्या मनात दोष दिला होता, हे कबूल करतो. शहरातली माणसं, शेणाला नाक मुरडतात, असं मला वाटलं होतं. नंतर लक्षात आलं की चूक माझी होती. डोळे चुरचुरवणारा वास शेणाचा नसतोच. तो शेणातून उडून जाणाऱ्या खताचा असतो.

आपल्यातल्या ज्येष्ठांना कल्हईवाला आठवत असेल. भांडं तापवून तो त्यात नवसागर टाकायचा आणि पांढरा धूर उठायचा. तो धूर नाकात गेला की डोळ्यांत पाणी. त्या धुरातला जो तिखटपणा, तोच अमोनिया. आणि अमोनिया म्हणजे नत्र. ज्या नत्रासाठी आपण युरियाच्या रांगेत उभे राहतो, तेच नत्र आमच्या उकिरड्यावरून भिंत ओलांडून त्या बाळाच्या खोलीत जात होतं. हवेतला अमोनिया गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुराशी मिळून अतिसूक्ष्म कण तयार करतो, आणि ते कण फुप्फुसात खोलवर जातात. तेव्हा ती सून नाक मुरडत नव्हती, ती अगदी बरोबर बोलत होती.

मग मी हिशोब मांडला. आठ जनावरं, रोजचं सरासरी ऐंशी किलो शेण धरलं, तर वर्षाला सुमारे २९ टन. ताज्या शेणात टनामागे साडेतीन किलो नत्र धरलं, तर शंभर किलो. उघड्या उकिरड्यात किंवा निष्काळजीपणे लावलेल्या ढिगात त्यातलं पाचव्या हिश्श्यापासून जवळजवळ निम्म्यापर्यंत नत्र निघून जाऊ शकतं. चाळीस टक्के गेलं असं म्हणू, म्हणजे चाळीस किलो. ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीत साधारण वीस-एकवीस किलो नत्र असतं. तेव्हा दोन गोण्या हवेत! आणि यात गोमूत्र धरलेलंच नाही. जनावराच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या नत्रापैकी जवळजवळ निम्मं मूत्रातून जातं, आणि ते तर आम्ही सरळ नालीत सोडत होतो.

कोणी म्हणेल, सरकारी भावानं दोन गोण्या म्हणजे साडेपाचशे रुपयेसुद्धा नाहीत, त्यासाठी एवढी यातायात कशाला? खरं आहे. पैशात मोजलं तर नुकसान लहान दिसतं, कारण युरियाची खरी किंमत आपण भरतच नाही. पण मला त्या रात्री पैशांचा प्रश्न नव्हता. गोठा राहणार की जाणार, हा प्रश्न होता.

तेव्हा मला आमच्याच गावची गोष्ट आठवली.

अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारातल्या पुसा इथल्या शेतकी संशोधन संस्थेत आले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ, दोघं बरोबरीनं काम करत. पुढे १९२४ साली होळकर दरबारानं दिलेल्या जमिनीवर इंदुरात 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' उभी राहिली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. काम मुख्यतः कापसाचं होतं. पण हॉवर्डना दिसलं की माळव्यातला शेतकरी शेणाच्या गोवऱ्या थापून चुलीत घालतो, पऱ्हाटी आणि काडीकचरा जाळतो, आणि जमीन मात्र उपाशी राहते. थोडं शेण आणि भरपूर काडीकचरा यांतून उत्तम खत कसं करायचं, यावर त्यांनी इथे वर्षानुवर्षं प्रयोग केले. त्या पद्धतीला त्यांनी स्वतःचं नाव दिलं नाही, या गावाचं दिलं. 'इंदूर पद्धत' हे नाव पुढे जगभर गेलं. १९३१ साली ऑक्सफर्डनं त्यावरचं पुस्तक छापलं. मुखपृष्ठावर दोन नावं आहेत. एक हॉवर्ड, दुसरं यशवंत वाड. वाड हे संस्थेत रसायन विभागाचे मुख्य साहाय्यक होते. १९३५ साली गांधीजी इंदूरला आले, त्यांनी ही संस्था पाहिली आणि त्याच वर्षी 'हरिजन'मधून या पद्धतीची माहिती दिली. हॉवर्डना आज सेंद्रिय शेतीचे आद्य पुरुष मानतात. वाडांचं नाव मात्र त्यांच्याच गावातल्या मराठी मंडळात मला कधी ऐकू आलं नाही. म्हणून आज मुद्दाम घेतो आहे.

त्या पद्धतीत होतं काय? वनस्पतीचा कचरा तीन भाग आणि शेणामूत्राचा भाग एक, असं साधारण मापानं प्रमाण. थरावर थर, पण तुडवायचं नाही. गोठ्याची जमीन मातीची ठेवायची. ती मूत्र पिऊन घेते. दर तीन-चार महिन्यांनी वरची वीतभर माती खणून ती खताच्या थरांत घालायची आणि गोठ्यात नवी माती भरायची. कोरड्या दिवसांत दोन फूट खोल उथळ खड्डा. पावसाळ्यात मात्र खड्डा नाही, जमिनीवर ढीग. साधारण पंधरा दिवसांनी, महिन्यानं आणि दोन महिन्यांनी अशी तीन वेळा उलथापालथ. तीन महिन्यांत खत तयार. वास सुटला किंवा माशा झाल्या तर आत हवा कमी पडते आहे असं समजायचं.

गंमत बघा. त्या काळी वायूंच्या उत्सर्जनाची चर्चा नव्हती. तरी आजचं विज्ञान ढिगातले वायू कमी करण्यासाठी जे सांगतं, त्यातलं बरंचसं या पाच-सहा ओळींत आहे. कसं, ते सांगतो.

शेणाच्या ढिगातून त्रास देणारे मुख्य तीन वायू निघतात. अमोनिया, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. यांतला अमोनिया नाकाला कळतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड. तो स्वतः थोडा असला तरी आत हवा नाही हे ओरडून सांगतो. पण मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड नाकाला जवळजवळ कळतच नाहीत. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर एक किलो जैविक मिथेन हवा तापवण्यात २७ किलो कार्बन डायऑक्साइडला भारी पडतो, आणि एक किलो नायट्रस ऑक्साइड २७३ किलोंना. म्हणजे शेजारी तक्रार करतात ती नाकाला कळणाऱ्या वायूची. न कळणाऱ्यांची तक्रार करायला कोणी येत नाही, ती आपणच ऐकायची.

आता हे तिघं एका कारणानं निघत नाहीत, आणि इथेच माझ्यासारखे उत्साही लोक फसतात.

अमोनिया निघतो पहिल्या एक-दोन आठवड्यांत, ढीग तापलेला असताना. शेण जास्त आणि काडीकचरा कमी असला की जिवाणूंना नत्र जास्त होतं. त्यांना न लागणारं नत्र उडून जातं. कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण पंचवीस-तीसास एक असावं. नुसत्या शेणात ते वीसच्या आसपास, कोंबडीखतात तर दहाच्याही खाली. गव्हाच्या भुश्श्यात कर्ब भरपूर. म्हणून भुस्सा, पालापाचोळा, गव्हाणीतली चघळ, हे सगळं शेणात मिसळायचं. हॉवर्ड आणि वाडांचं तीनास एक हे माप इथे कामी येतं.

मिथेन निघतो हवा कोंडली की. ढीग चिंब ओला, तुडवलेला, फार उंच, किंवा पाण्यानं भरलेल्या खड्ड्यातला असला की आत मिथेन तयार होणारच. उपाय म्हणजे तळाशी पऱ्हाटीचा किंवा तुरीच्या काड्यांचा थर, उंची चार-पाच फुटांपर्यंत, आणि पाणी बेतानं. ओलाव्याची परीक्षा सोपी. मूठभर खत घट्ट दाबा. बोटांच्या फटींत ओल दिसावी, पण धार लागू नये. धार लागली तर भुस्सा घाला. मूठ उघडताच भुगा पडला तर पाणी शिंपडा.

नायट्रस ऑक्साइड निघतो बहुधा नंतर, ढीग निवू लागल्यावर. तेव्हा जिवाणू एका जागी नत्राचं नायट्रेट करतात आणि शेजारच्याच ओल्या, हवा नसलेल्या जागी दुसरे जिवाणू ते मोडतात. त्या मधल्या वाटेवर हा वायू सुटतो. वरचा नायट्रेटवाला थर पुन्हापुन्हा आत ढकलला, किंवा तयार खत पावसात उघडं पडलं, तर तो वाढतो.

आता अडचण पाहा. मिथेन टाळायला ढीग हलवावा, तर हलवताना अमोनिया सुटतो. फार वेळा हलवावा, तर नायट्रस ऑक्साइडची भीती. हलवूच नये, तर मिथेन. मी पहिल्या वर्षी पुस्तकं वाचून दर चार दिवसांनी ढीग उलथत होतो, तेही भर दुपारी, वारा वसाहतीकडे असताना! त्या आठवड्यात आमच्याकडे तिघं शेजारी आले. शिवाय त्या वर्षी मी खड्डाच केला होता. आषाढात तो काळ्या मातीत तुडुंब भरला, पाणी मुरेचना, आणि सडक्या अंड्यांचा जो वास सुटला तो माझ्या घरच्यांनीही क्षमा केला नाही. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की पावसाळ्यात ढीग करावा. मी ते पान वाचलं होतं आणि विसरलो होतो.

दुसऱ्या वर्षापासून जे केलं आणि आजही करतो, ते क्रमानं सांगतो.

शेण साचू द्यायचं नाही. रोजचं शेण रोज कोरड्या काडीकचऱ्यात मिसळायचं. जागा उंचवट्याची, पावसाळ्यात वर पत्रा किंवा ताडपत्री, पण ती ढिगाला चिकटवायची नाही, वर टांगायची. मूत्र नालीत न जाता मातीत आणि भुश्श्यात मुरलं पाहिजे.

ढीग लावून झाला की वर चार-सहा बोटं जुन्या, पिकलेल्या खताचं पांघरूण. मला वाटतं, सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत गुणकारी गोष्ट हीच. पिकलेलं खत अमोनिया धरून ठेवतं, आणि त्यात मिथेन खाऊन जगणारे जिवाणू असतात. आतून येणारा बराच मिथेन ते वाटेतच संपवतात. दह्याला विरजण ठेवतो तसं दर ढिगातलं थोडं पिकलेलं खत पुढच्या ढिगासाठी राखून ठेवायचं.

उलथापालथ तीनदाच. पंधरा दिवस, महिना, दोन महिने. सकाळी, गार असताना, वाऱ्याची दिशा पाहून. आणि उलथल्याबरोबर पांघरूण पुन्हा घालायचं.

राखेच्या बाबतीत मी पूर्वजांपासून थोडा वेगळा वागतो, आणि कारणासकट सांगतो. इंदूर पद्धतीत लाकडाची राख घालत, कारण हिरवा कचरा कुजताना आम्लता येते आणि ती राखेनं मारली जाते. पण राख अल्कधर्मी. शेण जास्त असलेल्या ढिगावर ती घातली तर नत्र अमोनिया होऊन अधिकच उडतं. चुन्याचंही तेच. म्हणून शेण जास्त तिथे राख चिमूटभर, चुना अजिबात नाही. उलट थोडं सिंगल सुपर फॉस्फेट किंवा जिप्सम थरांत भुरभुरलं तर अमोनिया क्षाराच्या रूपात बांधला जातो, आणि खतात राहतो. सेंद्रिय प्रमाणपत्र असलेल्यांनी मात्र काय चालतं ते आधी विचारून घ्यावं.

ज्यांच्याकडे जनावरं कमी आणि कचरा जास्त, त्यांनी विदर्भातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी करावी. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच 'नाडेप' हे नाव पडलं. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, विटांच्या भिंतीत हवेसाठी भोकं. शंभर किलोच्या आसपास शेणात चौदा-पंधराशे किलो काडीकचरा कुजतो, मातीचे थर वास धरतात, वर शेणमातीनं लिंपायचं. उलथण्याची मेहनत नाही.

आणि ज्यांच्याकडे जनावरं जास्त, त्यांनी आधी गोबर गॅस करावा. जो मिथेन टाळायला आपण धडपडतो, तोच तिथे मुद्दाम तयार करून चुलीत जाळता येतो. मात्र बाहेर पडणारी मळी उघड्या खड्ड्यात साठवली तर तिच्यातूनही मिथेन आणि अमोनिया निघत राहतात. ती लगेच भुश्श्यात मिसळून वरच्याच पद्धतीनं पिकवावी. आपल्या शहरानं १९ फेब्रुवारी २०२२ पासून देवगुराडियाला ओल्या कचऱ्यावर हेच मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. सुरू झाला तेव्हा रोज ५५० टन कचरा पचवण्याची त्या प्रकल्पाची क्षमता होती, आणि त्यातून गॅसबरोबर खतही मिळतं. नव्वद-शंभर वर्षांपूर्वी जे गाव कचऱ्यातून खत करायला शिकवत होतं, ते अजून तो धडा विसरलेलं नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गाई-म्हशींमुळे हवेत जाणारा बराचसा मिथेन शेणातून जात नाही. तो त्यांच्या रवंथातून, तोंडावाटे जातो. माझ्या ढिगानं पृथ्वीचा ताप उतरेल असा माझा दावा नाही. पण २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशात १९ कोटींवर गोवंश आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी आहेत. त्यांच्या शेणाचं काय होतं, हे एका ठिकाणी बसून कोणी ठरवत नाही. ते माझ्यासारख्या प्रत्येकाच्या गोठ्यामागे ठरतं.

आमच्या गोठ्यामागे काय झालं ते सांगून संपवतो. दुसऱ्या पावसाळ्यात पांघरूण घातलेला ढीग पाहायला ती सून स्वतः आली. बाळ आता चालत होतं. तिनं ढिगाजवळ उभं राहून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "काका, हा तर पहिल्या पावसाच्या मातीचा वास!" त्या हिवाळ्यात तिनं गच्चीतल्या कुंड्यांसाठी दोन पाट्या खत नेलं. आता वसाहतीतली आठ-दहा घरं त्यांचा सुका पालापाचोळा आमच्याकडे आणून टाकतात. मला भुस्सा विकत घ्यावा लागत नाही. जनावरं काढायची भाषा भावानं पुन्हा केली नाही. आई पुढच्या वर्षी गेली, पण शेवटपर्यंत सकाळी तिच्यासाठी खुर्ची गोठ्याच्या दारातच ठेवत होतो.

मंडळाला एक विनंती. दहा दिवसांत आपल्या मंडपात दूर्वा, फुलं, पत्री, केळीचे खांब, असं किती निर्माल्य साचतं, ते तुम्ही पाहताच. त्यातला दोरा, जर आणि प्लास्टिक काढून ठेवलं, तर यंदा ते सारं आमच्या ढिगात येऊ द्या. गौरी जेवून गेल्या की पहिला थर लावू. तीन महिन्यांनी, मार्गशीर्षाच्या सुमारास, खत तयार होईल. ज्याला हवं त्यानं पिशवी घेऊन यावं. त्या पिशवीवर मंडळाच्या नावाबरोबर एक ओळ छापावी, एवढंच मागणं आहे: 'इंदूर पद्धत, हॉवर्ड आणि वाड'.

 आता प्रसाद थंड होऊ देऊ नका.

गणपती बाप्पा मोरया!